घरचं माणूस साक्षीला नको

वकीलसाहेबांच्या ऑफिसात जायचं तर दोन जिने चढावे लागतात, आणि दुसऱ्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. मृत्युपत्र करायला येणारी निम्मी माणसं गुडघे धरत धरत वर येतात, तेव्हा हे ऑफिस इतक्या उंचावर कोणी थाटलं असं कुणाच्याही मनात येईल. साहेब म्हणायचे, एवढं चढून आलेला माणूस शुद्धीवर आहे आणि स्वतःच्या मर्जीनं आलाय, ही झाली पहिली साक्ष. पुढच्या साक्षीला बाई होत्याच.

बाई म्हणजे ऑफिसातल्या टायपिस्ट. खिडकीकडे पाठ, डाव्या हाताला लोखंडी कपाट, आणि मध्ये त्यांचं टेबल. बाविसाव्या वर्षी तिथं बसल्या आणि आता अठ्ठावन्न उलटली. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, तीन कारकून आले नि गेले, बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचं नाव पगाराच्या पाकिटावर तेवढं असायचं. बाकी सगळी गल्ली त्यांना साक्षीबाई म्हणायची, कारण मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि लोक बाकी सगळं घेऊन येतात, साक्षीदार तेवढे विसरतात. मग एक सही तळमजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याची आणि दुसरी बाईंची, हे ठरूनच गेलेलं. आपल्यासमोर त्या माणसानं सही केली, एवढंच साक्षीदारानं सांगायचं असतं. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आणि या बाबतीत बाई म्हणजे कडक काम. काही लोक मजकूर घरून हातानं लिहून आणत. तो कागद समोर आला की बाई खणातून एक तपकिरी पुठ्ठा काढायच्या. त्याला खालच्या बाजूला सहीपुरती चौकट कापलेली होती. पुठ्ठा कागदावर ठेवायचा, चौकटीत सही होताना बघायची, मग आपली सही करायची आणि पुठ्ठा परत खणात. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, हा त्यांचा बाणा. एकदा एका चौकस मावशीनं पुठ्ठ्याखाली डोकवायचा प्रयत्न केला, तेव्हा बाईंनी तिच्या बोटांवर पुठ्ठाच आपटला होता. मावशी नंतर साहेबांकडे रडत गेली, पण साहेबांनी बाईंचीच बाजू घेतली.

छत्तीस वर्षांत बाईंनी काय काय बघितलं असेल. तान्हं बाळ मांडीवर घेऊन आलेली जोडपी, आपलं काही बरंवाईट झालं तर पोराला कोण सांभाळणार यावर ऑफिसातच हमरीतुमरीवर येणारी. "तुझी बहीण? तिला स्वतःची मांजर सांभाळता येत नाही." पन्नाशीतली माणसं, दुसरा संसार मांडलेली, आधीची मुलं आणि आताची मुलं यांच्यात घर कसं वाटायचं म्हणून घाम पुसत बसलेली. आणि म्हातारे, ते तर विचारूच नका. मुलगा फोन करत नाही म्हणून दर वर्षी मुलाचं नाव खोडायचं, आणि त्यानं फोन केला की पुन्हा लिहायला यायचं. बाईंनी एका आजोबांना सरळ सुचवलं होतं की मुलाचं नाव पेन्सिलनं लिहा.

यायच्या आधी लोक फोन करून विचारत, सोबत काय काय आणायचं. बाई कागदपत्रांची यादी सांगत आणि शेवटी एक वाक्य हमखास असायचं. "घरचं माणूस साक्षीला नको." कायद्यात ते जरा लांबलचक लिहिलंय. मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे त्यानंच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. पण फोनवर एवढं पुराण कोण सांगत बसणार? माणूस देतो ते घरच्यांनाच. छत्तीस वर्षांत परक्याला कोणी काही दिलेलं बाईंनी बघितलं नव्हतं. तेव्हा त्यांनी आपलं वाक्य आखूड करून घेतलं होतं, आणि ते कधी कुणाला नडलं नाही.

संध्याकाळी सहाला बाई सुटायच्या. भाजी, पाव, बस, तीन मजले, कुलूप. एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. आईवडील जाऊन वर्षं झाली होती. भाऊ दूर देशी, वर्षातून एक फोन, त्यातही निम्मा वेळ "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" यात जायचा. लग्न का झालं नाही याला काही मोठी कहाणी नाही. आधी आई आजारी, मग वडील, आणि मग कोणी विचारलं नाही. बाई याचं रडगाणं गात नसत. पण रविवार त्यांना खायला उठायचा. शनिवारी ऑफिसातून निघताना बोललेलं वाक्य, त्यानंतर सोमवारी सकाळी बसवाल्याशी बोललेलं वाक्य, मधे तोंडातून शब्द नाही. सोमवारी आवाज आधी घोगराच निघायचा, मग खाकरून साफ करावा लागायचा.

आता घड्याळवाल्यांचं सांगायला हवं.

ऑफिसच्या मागच्या रस्त्याला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, रस्त्याकडे एक मोठी खिडकी. बाई नोकरीला नव्या होत्या तेव्हा ते पहिल्यांदा मृत्युपत्र करायला आले, सोबत बायको आणि दोन वर्षांची मुलगी. मुलीचा सांभाळ कोणी करायचा यावर नवराबायकोचं जे वाजलं ते मिटेपर्यंत मुलगी बाईंच्या टेबलाखाली बसली आणि कार्बन पेपरनं नखशिखांत काळी झाली. दुसऱ्यांदा आले तेव्हा मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली होती. तिसऱ्यांदा तिचं लग्न होऊन ती लांब गेली होती, म्हणून सगळं पुन्हा बायकोच्या नावावर केलं. चौथ्यांदा एकटेच आले. बायको गेली होती. त्या दिवशी बाईंनी टाइप करताना दोनदा चुका केल्या आणि दोन्ही वेळा कागद बदलला. चारही मृत्युपत्रांवर बाईंची सही होती. एखाद्याचा उभा संसार त्यांनी असा चार कागदांतून बघितला होता.

त्यानंतर घड्याळवाले दर गुरुवारी अकराला ऑफिसात येऊ लागले. निमित्त भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचं. त्याची किल्ली ते शर्टाच्या खिशात ठेवत, स्टुलावर चढून किल्ली देत, उतरत आणि बाईंच्या टेबलासमोर चहा घेत. वीस मिनिटं. बोलणं तरी काय, तुमचं मनगटी घड्याळ पुन्हा पाच मिनिटं पुढे आहे, तुम्ही वेळेच्या फार मागे लागता, तुम्ही तुमचं काम करा, असलंच. एकदा बाई तापानं फणफणल्या होत्या आणि गुरुवारी आल्या नाहीत, तर हा माणूस पत्ता शोधून तीन मजले चढला आणि दारातूनच औषधाची पिशवी देऊन परत गेला. आत या म्हणायचं बाईंना सुचलं तोवर तो जिना उतरत होता. ही गोष्ट बाईंनी कुणाला सांगितली नाही. सांगायला कोणी नव्हतंच म्हणा.

मग बाईंच्या घरमालकाची नोटीस आली. इमारत पाडायची, दीड वर्षात खोली रिकामी करा. एकट्या बाईला, तेही साठीला टेकलेल्या, खोली कोण देतो? कोणी विचारी, सोबत कोण असतं? कोणी विचारी, आजारी पडलात तर आम्ही कुणाला कळवायचं? बाई रविवार-रविवार वणवण फिरल्या. शेवटी गावाच्या टोकाला, बस वळते तिथं, एक खोली मिळत होती. घड्याळवाले गुरुवारी म्हणाले, ती नका घेऊ, भिंतींना ओल आहे, तुमचा खोकला बळावेल. बाई चिडल्या. मग काय रस्त्यावर राहू? तर म्हणाले, घाई करू नका, होईल काहीतरी. बाई मनातल्या मनात फार करवादल्या, यांना काय जातंय बोलायला. पण ती खोली त्यांनी सोडली.

त्यानंतरच्याच एका मंगळवारी साहेब दिवसभर कोर्टात होते. घड्याळवाले आले, ते मंगळवारी आले हेच नवल. हातात घडी घातलेले दोन कागद. पाचवं मृत्युपत्र केलंय म्हणाले, घरीच, हातानं. साहेब आल्यावर दाखवा असं बाईंनी सुचवलं, तर नको म्हणाले. इतकी वर्षं तुमचंच ऐकतोय, आता काय नवीन शिकायचंय? बाईंनी झेरॉक्सवाल्याला हाक मारली, खणातून पुठ्ठा काढला, नीट बसवला. घड्याळवाल्यांनी खिशाला हात लावला, पेन नव्हतं. बाईंनी आपलं दिलं. पेन हातात धरून ते थांबले.

"बाई, घरचं माणूस साक्षीला चालत नाही ना?"

"नाही चालत. किती वेळा सांगायचं?"

"मग तुम्ही माझ्या घरच्या नाहीत, हे नक्की?"

झेरॉक्सवाला हसला.  दुखऱ्या जागी कोणी बोट लावलं की माणूस फणकारतो, तशा बाई फणकारल्या.

"मी कशाला कुणाच्या घरची असेन? करा सही."

 पुठ्ठ्याची कड वरच्या कागदासकट जराशी उचलून घड्याळवाल्यांनी खालच्या पानावर काहीतरी लिहिलं, एखादाच शब्द असेल. बाईंनी शिस्तीत मान खिडकीकडे फिरवली. मग घड्याळवाल्यांनी चौकटीत सही केली, झेरॉक्सवाल्यानं केली, बाईंनी केली. कागद पाकिटात गेले, पाकीट लोखंडी कपाटात. साहेबांना संध्याकाळी कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की म्हातारा हट्टी आहे, वाचूनही दाखवायचा नाही, असू दे.

वर्ष उलटलं. गुरुवारमागून गुरुवार गेले. बाई खोलीचं काढायच्या आणि घड्याळवाले तेच म्हणायचे, होईल काहीतरी. आणि एका गुरुवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, ते आले नाहीत. बाईंनी चहा परत पाठवला. जेवणाच्या सुट्टीत त्या मागच्या रस्त्याला गेल्या तर दुकानाला कुलूप. शेजारचा चांभार म्हणाला, सोमवारी दवाखान्यात नेलं आणि काल सकाळी संपलंसुद्धा. मुलीनं येऊन सगळं उरकलं. बाईंना कोणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण आणि काय म्हणून? त्या कुलपाकडे बघत जराशा उभ्या राहिल्या, मग दोनच्या आत टेबलावर हजर झाल्या. त्या दुपारी त्यांनी एका नवीन जोडप्याचं मृत्युपत्र टाइप केलं, एकही चूक न करता.

रात्री घरी मात्र त्या ओट्याला टेकून रडल्या. मोठ्यानं रडल्या, कारण ऐकणारं कोणी नव्हतं. खोली सोडायला आता दोनच महिने उरले होते, पण रडू त्याचं नव्हतं.

दहा दिवसांनी मुलगी ऑफिसात आली. चाळिशीच्या जवळपासची, थकलेली, बापासारखीच रुंद कपाळाची. बाईंना ती टेबलाखालची काळी झालेली पोर आठवली, पण ही काही बोलायची वेळ नव्हती. साहेबांनी कपाटातलं पाकीट मागवलं, बाईंनी आणून दिलं आणि त्या आपल्या जागी बसल्या. साहेब वाचू लागले. बँकेतलं, दुकानातली हत्यारं, बायकोचे दागिने, सगळं मुलीला. मग पुढचा परिच्छेद आला. दुकानामागच्या दोन खोल्या, खिडकीसकट. खिडकीसकट असं कोणी लिहीत नाही, साहेब वाचता वाचता किंचित हसले. आणि मग त्यांनी एक नाव वाचलं.

बाईंना आधी कळलंच नाही की ते नाव आपलं आहे. इतक्या वर्षांत ते कोणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

मग कळलं. होईल काहीतरी, ओल आहे, घाई करू नका, वर्षभर चाललेलं सगळं एकदम कळलं.  बाईंना ती मोठी खिडकी दिसली, तिच्यापाशी खुर्ची दिसली. आपलं म्हणावं असं दार दिसलं. साहेबांनी पान उलटेपर्यंत बाईंना घर होतं.

पान उलटताच बाईंना आठवलं. साहेबांच्या लक्षात यायला अजून क्षणभर लागला. त्यांनी सह्या पाहिल्या, एकदा, दोनदा, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मुलीनं विचारलं, काय झालं? साहेबांनी सांगितलं, जितकं हळू सांगता येईल तितकं. मृत्युपत्र खरं आहे, चोख आहे. पण ज्यांना खोल्या दिल्यात त्यांचीच साक्षीला सही आहे, म्हणून तेवढं देणं रद्द. खोल्या मुलीकडे जाणार.  तरुणपणापासून ज्या बाईच्या शिस्तीवर साहेब ऑफिस चालवत आले, तिच्याच शिस्तीनं तिचा घात केला होता, आणि आपण त्या संध्याकाळी पाकीट उघडून पाहिलं असतं तर, हेही त्यांना कळत होतं.

मुलगी कागदावर वाकली. वाईट नव्हती ती. खोल्या विकायच्या असंच ठरवून आली होती, नवऱ्याचं दुखणं होतं, दोन मुलं शिकत होती. ती खोटं हसली नाही आणि खोटं रडलीही नाही. तिनं कागद उचलला, बाईंच्या टेबलापाशी आणला आणि सहीवर बोट ठेवलं.

"ही सही तुमचीच?"

साहेबांनी मान वर केली. नाही म्हणून काही फायदा नव्हता. साक्षीदार एकच उरला तर अख्खा कागदच बाद झाला असता, आणि खोल्या तरीही मुलीच्याच. पण हो म्हणायलाही जीभ रेटावी लागली.

"माझीच."

"बाबांनी मला यातलं कधी काही सांगितलं नाही."

"मलाही नाही."

 मुलीनं पहिलं पान वर घेतलं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं. ऑफिसात चाललेल्या नमुन्याप्रमाणेच घड्याळवाल्यांनी लिहिलं होतं, ज्याला द्यायचं त्याचं नाव, वय, पत्ता आणि नातं. मुलीच्या नावापुढे त्यांच्या काळ्या शाईत 'मुलगी' लिहिलेलं होतं. बाईंच्या नावापुढची जागा घरून येताना रिकामी ठेवलेली असणार, कारण तिथला शब्द बाईंच्या पेनाच्या निळ्या शाईत होता. कायद्याचं उत्तर बाईंकडून घेऊन झाल्यावर, पुठ्ठ्याची कड उचलून, त्यांनी स्वतःचं उत्तर तिथं लिहिलं होतं. 'घरची.'

बाईंनी तो शब्द वाचला. दुसऱ्यानं घरून लिहून आणलेला कागद त्या प्रथमच वाचत होत्या. मग त्यांनी पान उलटं ठेवलं आणि मुलीला खुर्ची देऊन पाणी दिलं.

निघताना मुलीनं विचारलं, वडिलांची एखादी वस्तू हवी का. बाई म्हणाल्या, भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची, ती ऑफिसची आहे. चार दिवसांनी किल्ली टपालानं आली.

बाईंनी गावाच्या टोकाची ती खोली घेतली, जी आधी सोडली होती. अजून रिकामीच होती, ओल होती तेवढीच होती. येताना आता पाऊण तास बस लागते. गुरुवारी अकराला बाई स्टुलावर चढून घड्याळाला किल्ली देतात आणि उतरून चहा घेतात. साहेब त्या वीस मिनिटांत त्यांना काम सांगत नाहीत.

फोनवरचं वाक्य मात्र बाईंनी बदललं. आता त्या सगळं पुराण सांगतात, समोरच्याला कंटाळा आला तरी.

परवा एक जोडपं आलं, सहा महिन्यांचं बाळ घेऊन. साक्षीदारही आठवणीनं आणला होता. त्यांच्या घराखालच्या मजल्यावरच्या काकू, सत्तरीच्या, एकट्या. बाळ जिना चढताना काकूंच्याच खांद्यावर झोपलं होतं आणि कागदांचं काम चाललं होतं तोवर तिथंच होतं. बाईंनी पुठ्ठा काढला नाही. त्यांनी विचारलं, या तुमच्या कोण? बाळाची आई म्हणाली, कोणी नाहीत हो, खाली राहतात, घरचं माणूस नको असं सगळेच म्हणतात, म्हणून यांना आणलं. काकूही हसून म्हणाल्या, मी कोण यांची?

बाईंनी कागद गोळा केले, पाकिटात घातले आणि पाकीट बाळाच्या आईच्या हातात दिलं.

"आज सही नको. घरी जाऊन यांच्याबद्दल एकदा नीट विचार करा. साक्षीला खालचा झेरॉक्सवाला आहे, मी आहे. आम्ही कुणाचेच नाही, आमच्या सह्या कधीही चालतील."

जोडप्याला काही समजलं नाही. काकूंना समजलं असावं, कारण त्यांनी झोपलेल्या बाळाला जरा वर घेतलं आणि बाईंकडे बघत राहिल्या. मग ते तिघं बाळाला घेऊन एका बाजूच्या कठड्याला धरून सावकाश खाली गेले, आणि बाईंनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.